वृद्ध सशाची निगा व स्वच्छता

शेतकऱ्याच्या घरीं बैल, गाय, म्हैस, शेळी यांच्या दुखण्याकडे घरधन्याचें लक्ष लवकर जातें. कारण त्या जनावरांत त्याचें भांडवल गुंतलेलें असतें. ससा मात्र मुलांच्या हौसेखातर घरांत येतो. आठवड्याच्या बाजारांतून किंवा शहरांतील दुकानांतून दोन पिलें आणलीं जातात, वर्ष-दोन वर्षें त्यांचें कौतुक होतें, पुढें मुलें शिक्षणासाठीं परगांवीं जातात, आणि पडवीच्या कोपऱ्यांतील पिंजरा तेथेंच राहतो. ससा दोन-तीन वर्षांत संपतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. नीट जोपासलेला ससा ८ ते १० वर्षें, क्वचित् १२ वर्षेंही जगतो. साधारणतः पांच-सहा वर्षांपुढें त्याचें वार्धक्य सुरू झालें असें समजावें. म्हणजे त्याच्या आयुष्याचा बराच मोठा भाग म्हातारपणाचा असतो, आणि नेमकें याच काळांत त्याच्याकडे पाहणारें कोणी उरत नाहीं.

अशा सशाविषयीं पहिली तक्रार ऐकूं येते ती घाणीची. त्याच्या अंगाला वास येतो, मागचा भाग भरलेला असतो, पिंजरा नेहमीं ओला असतो, असें घरांतील मंडळी म्हणतात, आणि त्यास बादलींत बुडवून धुतात. आठ दिवसांत तो पुन्हा तसाच होतो. प्रस्तुत लेखांत सांगावयाचें तें मुख्यतः एवढेंच कीं, म्हाताऱ्या सशाची अस्वच्छता ही त्याची खोड नव्हे, व तो मूळ रोगही नव्हे. आंत चाललेल्या एखाद्या दुखण्याची ती खूण होय. धुतल्यानें खूण पुसली जाते, दुखणें तसेंच राहतें. यासाठीं प्रथम कारण शोधावें, व धुणें हा उपचाराचा केवळ एक भाग समजावा.

सशाची प्रकृति

आपल्या माळरानावर व पिकांत दिसणारा रानससा आणि घरांत पाळलेला ससा हे एकाच जातीचे नव्हेत. रानससा उघड्यावर राहतो, व त्याचीं पिलें अंगावर केंस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मास येतात. घरगुती ससा हा मूळ स्पेन-पोर्तुगालकडील, जमिनींत बिळें करून राहणाऱ्या सशाचा वंशज होय. त्याचीं पिलें जन्मतः उघडीं असतात व त्यांचे डोळे मिटलेले असतात. रानसशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यास धरून पिंजऱ्यांत ठेवूं नये. या लेखांतील सर्व माहिती घरगुती सशापुरतीच समजावी. तो बिळांत राहणाऱ्या जातीचा असल्यामुळें त्याला थंड, कोरडी व शांत जागा मानवते. ऊन व दमट कोंदट हवा सोसत नाहीं.

दुसरें असें कीं, ससा हा इतरांच्या तोंडीं पडणारा प्राणी आहे. रानांत दुबळा दिसला तोच आधीं मारला जातो. म्हणून दुखणें लपविणें हा त्याचा जन्मजात स्वभाव झाला आहे. बैल लंगडला तर दिसतो, म्हैस दुधास कमी झाली तर धार काढतांना कळतें. ससा ओरडत नाहीं. तो थोडें कमी हिंडतो, थोडें कमी खातो, पाठ कमानीसारखी करून बसतो, डोळे अर्धवट मिटतो, आणि कधीं कधीं दांत करकर वाजवतो. एवढ्याच त्याच्या तक्रारी. म्हणून ‘म्हातारा झाला, आतां बसूनच राहायचा’ असें म्हणण्यापूर्वी त्याला वेदना तर होत नाहींत ना, हा प्रश्न विचारला पाहिजे. वार्धक्यास औषध नाहीं, परंतु वेदनेस आहे.

दोन प्रकारच्या लेंड्या

सशाच्या मागील भागाची घाण समजण्यासाठीं त्याची पचनक्रिया समजली पाहिजे. गाय गवत खाऊन तें पुन्हा तोंडांत आणते व रवंथ करते. ससा रवंथ करीत नाहीं. त्याला ओकतांही येत नाहीं. परंतु गवतांतील सत्त्व काढून घेण्याचें काम तो दुसऱ्या रीतीनें करतो. खाल्लेल्या गवताचा जाडाभरडा भाग कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. बारीक भाग लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्यापाशीं असलेल्या मोठ्या पिशवींत, म्हणजे अंधांत्रांत, मागें राहतो. तेथें तो सूक्ष्म जंतूंकडून आंबविला जाऊन मऊ, चकचकीत व घडासारख्या एकमेकींस चिकटलेल्या लेंड्यांच्या रूपानें बाहेर येतो. या मऊ लेंड्या ससा मान वळवून थेट गुदद्वारापासूनच तोंडांत घेतो व न चावतां गिळतो. त्यांत प्रथिनें व ‘ब’ वर्गाचीं जीवनसत्त्वें भरपूर असतात. गाईला जसें रवंथ करणें, तसें सशाला हें खाणें. त्यांत घाणेरडेपणा कांहींच नाहीं.

निरोगी ससा या लेंड्या बहुधा पूर्णपणें खातो; त्यामुळें त्या आपल्या दृष्टीसही पडत नाहींत. ज्या दिवशीं त्याला पाठ वांकवून तोंड मागें नेतां येईनासें होतें, त्या दिवसापासून त्या तेथेंच चिकटूं लागतात, वाळतात, आणि केंसांची गांठ बनते. पाहणारास वाटतें कीं सशास जुलाब झाले. तेव्हां हा भेद नीट ध्यानांत ठेवावा : पिंजऱ्यांत कोरड्या गोल लेंड्या नेहमींप्रमाणें पडत असून मागें मऊ राड चिकटली असेल, तर तो बहुधा जुलाब नव्हे. कोरड्या लेंड्या बंद होऊन पाण्यासारखें पडत असेल, तर तो खरा जुलाब होय, व त्यांत एक दिवसाचाही विलंब घातक ठरतो.

अस्वच्छतेचीं कारणें

पहिलें कारण सांध्यांचें व पाठीच्या कण्याचें दुखणें. म्हाताऱ्या सशांत हें फार आढळतें. ससा उडी मारण्याऐवजीं पाय ओढीत चालतो, उंबऱ्यासारखा अडथळा टाळतो, मागच्या पायानें कान खाजवूं पाहतो पण पाय तेथवर पोंचत नाहीं. लघवी करतांना निरोगी ससा मागचा भाग उचलतो. दुखणाऱ्या सशास तसें करतां येत नाहीं, म्हणून लघवी त्याच्याच पायांवर व पोटावर सांडते.

दुसरें कारण लठ्ठपणा. पिंजऱ्यांत बसून भाकरी, बिस्किटें, हरभरे खाल्लेल्या सशाचें पोट इतकें सुटतें कीं, सांधे चांगले असूनही तोंड मागें पोंचत नाहीं. शिवाय अशा खाण्यानें मऊ लेंड्या अधिक व पातळ होतात, म्हणजे अपाय दुहेरी होतो.

तिसरें कारण दांत. सशास एकूण २८ दांत असतात आणि ते सर्व जन्मभर वाढत राहतात. पुढचे दांत आठवड्यास सुमारें २ ते ३ मिलिमीटर वाढतात. चिवट गवत चावतांना ते झिजतात व मापांत राहतात. गवत कमी पडलें, किंवा म्हातारपणीं दांतांची ठेवण बिघडली, तर दाढांना कांटे फुटून ते जिभेस व गालास टोचतात. मग ससा गवत सोडून केवळ मऊ पदार्थ खातो, हनुवटी लाळेनें ओली राहते, आणि तोंड दुखत असल्यामुळें तो अंग चाटून साफ करणें सोडून देतो. दाढांचीं मुळें वर वाढलीं म्हणजे आंसवांची नळी दबून डोळ्यांतून पाणी किंवा पांढरा स्राव येतो. म्हणजे डोळ्याच्या तक्रारीचें मूळ पुष्कळदां तोंडांत असतें.

चौथें कारण मूत्राशयाचे विकार. बहुतेक जनावरें अन्नांतील कॅल्शियम शरीराच्या गरजेपुरतेंच शोषून घेतात. ससा अन्नांत जेवढें असेल त्या मानानें शोषून घेतो व जास्तीचें मूत्रावाटे टाकतो. त्यामुळें निरोगी सशाची लघवीही थोडी गढूळ असते, आणि कांहीं पाला खाल्ल्यावर नारिंगी वा तांबूस दिसते. तेवढ्यानें भिऊं नये. परंतु ससा पाणी कमी पिऊं लागला, हालचाल कमी झाली व खाण्यांत कॅल्शियम अधिक राहिलें, म्हणजे मूत्राशयांत चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखा सांका बसतो. कधीं खडेही होतात. लघवी दाट व पांढरी होणें, थेंब थेंब गळणें, करतांना कुंथणें, हीं त्याचीं लक्षणें होत. सतत ओल्या राहिलेल्या कातडीचे केंस झडतात व ती भाजल्यासारखी लाल होते.

पांचवें कारण माद्यांपुरतें आहे. शस्त्रक्रिया करून गर्भाशय न काढलेल्या मादीस चार वर्षांपुढें गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण पुष्कळच मोठें आहे. लघवींत रक्ताच्या गुठळ्या किंवा मागील बाजूस रक्ताचे डाग दिसणें ही त्याची खूण असूं शकते. पाल्याचा रंग व रक्त यांतील भेद नुसत्या डोळ्यांनीं नेहमींच कळत नाहीं. संशय येतांच तपासणी करून घ्यावी.

सहावें कारण एका अतिसूक्ष्म परोपजीवी जंतूचें. त्याचें नांव एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. राइट व क्रेगहेड या संशोधकांनीं १९२२ सालीं सशांतील या रोगाचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. हा जंतु लघवीवाटे एका सशाकडून दुसऱ्याकडे जातो, पुष्कळ दिवस दबून राहतो, आणि केव्हां तरी मेंदू, मूत्रपिंड किंवा डोळा यांस अपाय करतो. मान एका बाजूस वांकडी होणें, मागचे पाय लुळे पडणें, लघवीवर ताबा न राहणें, हीं त्याचीं लक्षणें. यावर औषध आहे, परंतु तें लवकर सुरू झालें पाहिजे. रोगप्रतिकारशक्ति क्षीण झालेल्या माणसांसही हा जंतु बाधूं शकतो. म्हणून सशाचा पिंजरा साफ केल्यावर प्रत्येकानें साबणानें हात धुवावे.

कारण कसें शोधावें

हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, सात वर्षांचा एक नर ससा आहे. त्याचा मागचा भाग चार दिवसांपासून भरलेला आहे. प्रथम पिंजऱ्यांतील लेंड्या पाहाव्या. कोरड्या लेंड्या पूर्वीच्याच आकाराच्या व तितक्याच असतील, तर जुलाबाचा प्रश्न मिटला. मग त्याच्यापुढें एक मूठ वाळलेलें गवत व एक मेथीची काडी ठेवावी. मेथी खाऊन गवतास तोंड लावीत नसेल, तर दांतांकडे संशय जातो. दोन्ही सारख्याच चवीनें खात असेल, तर त्यास जमिनीवर सोडून चालतांना पाहावें. पाठ न हलवितां आंखडून चालत असेल, तर सांधे व कणा यांकडे पाहावें. चालणें ठीक असेल, तर बरगड्यांवरून हात फिरवावा. बरगड्या हातास लागत नसतील, तर चरबी फार झाली आहे. सरतेशेवटीं बसावयाच्या जागीं पांढरी खर जमली आहे काय तें पाहावें. ही सगळी पाहणी पाव तासाची आहे, आणि ती करून गेलेल्या धन्यास पशुवैद्यापुढें ‘ससा घाण करतो’ याहून पुष्कळ उपयोगाचें सांगतां येतें.

पावसाळ्यांतील मोठा धोका : किडे

बैलाच्या खांद्याच्या जखमेंत किडे पडलेले बहुतेक शेतकऱ्यांनीं पाहिले आहेत. सशाच्या बाबतींत जखम असावीच लागत नाहीं. मागील भाग ओला किंवा भरलेला असला कीं हिरवी-निळी माशी तेथें अंडीं घालते. एका दिवसाच्या आंत त्यांतून अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी पोखरूं लागतात. दोन-तीन दिवसांत ससा दगावतो. म्हातारा ससा त्यांस हुसकूं शकत नाहीं, व वर केंस असल्यामुळें आपल्या नजरेस कांहीं येत नाहीं. यासाठीं मृगापासून दसऱ्यापर्यंत म्हाताऱ्या सशाचा मागील भाग व शेंपटाखालची जागा सकाळ-संध्याकाळ केंस बाजूस सारून पाहावी. उन्हाळ्यांतही माशा असतील तर हाच नियम. पिंजऱ्यास बारीक जाळी लावावी, आणि तो उकिरडा व गोठा यांपासून दूर ठेवावा.

किडे दिसले तर तो दिवस वाया घालवूं नये. दिसतील तेवढे चिमट्यानें काढावे आणि त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. गुरांच्या जखमेंत टर्पेंटाईन किंवा फिनेल घालण्याची जी चाल आहे ती सशावर कदापि करूं नये. त्याची कातडी फार पातळ असते, आणि तो अंग चाटतो.

स्वच्छ करण्याची रीत

सशास संपूर्ण अंघोळ कधीं घालूं नये. त्याचे केंस दाट असतात, लवकर वाळत नाहींत, अंग गारठतें. शिवाय भीतीनें तो जोरानें लाथा झाडतो व त्या झटक्यानें त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. कान धरून उचलणें तर क्रूरपणाचें व धोक्याचेंही आहे. एक हात छातीखालीं व दुसरा ढुंगणाखालीं देऊन त्यास आपल्या अंगाशीं धरावें. उताणा केल्यावर ससा निपचित पडतो, तें समाधान नव्हे, भीति होय. म्हणून त्यास उताणा करून धुऊं नये.

काम दोघांनीं करावें. वाळलेली घाण थोडी असेल तर ती बोटांनीं हलकेच सुटी करावी व विंचरून काढावी. फार असेल तर पसरट परातींत दोन बोटें कोमट पाणी घ्यावें, तळाशीं जुना पंचा घालावा म्हणजे पाय घसरत नाहींत, आणि सशाचा केवळ मागील भाग त्यांत ठेवून घाण भिजूं द्यावी. ओढून काढूं नये, कातडी फाटते. साबण, डेटॉल, फिनेल कांहीं वापरूं नये. गांठी कात्रीनें कापण्याच्या भानगडींत पडूं नये, कारण केंसांबरोबर कातडीही कात्रींत येते. त्या पशुवैद्याकडून काढवाव्या. नंतर दोन-तीन सुक्या पंचांनीं टिपून अंग पूर्ण कोरडें होईपर्यंत सशास वाऱ्यापासून दूर, उबेच्या जागीं ठेवावें. टाल्कम पावडर लावूं नये; तिची धूळ त्याच्या नाकांत जाते.

जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंस लहान खोबणी असतात. तेथील गंधग्रंथींचा काळसर मळ सांचून उग्र वास येतो. म्हाताऱ्या सशाची हीही जागा महिन्यांतून एकदां कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पुसून घ्यावी. जागा स्वच्छ असूनही वास येत असेल, तर तो लघवीचा किंवा तोंडांतील गळवाचा असूं शकतो.

राहण्याची जागा

सशाच्या तळव्यास कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते. केवळ केंस असतात. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यांत ते केंस झिजून टांचेस जखमा होतात, आणि म्हातारा व जड ससा त्यांनींच बेजार होतो. म्हणून तळ सपाट व मऊ असावा. त्यावर स्वच्छ गोणपाट व वर भाताचा पेंढा किंवा वाळलेलें गवत पसरावें; ओला झालेला थर रोज काढावा. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. तेथें सतरंजी टाकावी. तो लघवीस ज्या कोपऱ्यांत जातो तेथें बाजू बुटकी केलेलें पसरट भांडें ठेवावें, म्हणजे त्यास उडी मारावी लागत नाहीं. लघवीची पांढरी खर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरनें निघते.

दोन ससे एकत्र वाढले असतील, तर एक म्हातारा झाला म्हणून त्यांस वेगळे करूं नये. धडधाकट ससा दुबळ्याचें तोंड, डोळे, कान चाटून साफ ठेवतो, आणि त्याच्या सोबतीनें दुबळा खातोही बरा.

उन्हाळ्यांत विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. सशास घाम येत नाहीं. तो अंगांतील उष्णता मुख्यतः कानांवाटे टाकतो. हवा ३० अंशांवर गेली कीं म्हातारा ससा धापा टाकूं लागतो. पत्र्याच्या छपराखालीं त्यास कधींही ठेवूं नये. दुपारीं घरांतील थंड खोलींत घ्यावें व जवळ पाण्यानें भरलेला मातीचा घडा टेकण्यास ठेवावा. ससा उन्हानें आडवा झाला, तर कान साध्या पाण्यानें ओले करावे. बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये.

खाणें व पाणी

सशाचें मुख्य अन्न गवत. हरळी, मारवेल, पवना यांसारखें गवत, हिरवें किंवा हिरवेपणीं कापून वाळविलेलें, दिवसरात्र त्याच्यापुढें असावें. त्यानेंच दांत झिजतात आणि आंतडें चालतें. बांधावरचें गवत आणतांना त्यावर तणनाशक किंवा कीटकनाशक उडालें नाहीं याची खात्री करून घ्यावी. लसूणघासांत कॅल्शियम पुष्कळ असल्यामुळें तो म्हाताऱ्या सशास नित्याचा चारा म्हणून देऊं नये. मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला धुऊन थोडा थोडा द्यावा. बाजारी गोळीखाद्य दर किलो वजनामागें दिवसास २५ ग्रॅमहून अधिक नको. भाकरी, भात, बिस्किटें, गूळ, हरभरे बंद. मात्र ही फेरपालट आठ-पंधरा दिवसांत हळूहळू करावी. एकाएकीं चारा बदलल्यास आंतडें बिघडतें.

पाणी जड मातीच्या किंवा दगडी कुंडींत द्यावें. नळीच्या बाटलींतून चाटण्यापेक्षां पसरट भांड्यांतून ससा अधिक पाणी पितो, व मूत्राशयांतील गाळ धुऊन जाण्यास तेंच साहाय्यक होतें. दोन किलो वजनाचा ससा दिवसास सरासरी २०० मिलिलिटर पाणी पितो. पाणी एकदम फार वाढलें किंवा बंद झालें, तर तीही दुखण्याचीच खूण.

आठवड्याची पाहणी

आठवड्यांतून एक दिवस ठरवून पुढील गोष्टी पाहाव्या.

१. वजन. किराणा मोजण्याच्या कांट्यावर करावें व भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवावें. सतत घटणारें वजन डोळ्यांच्या आधीं कांट्यास कळतें.
२. पुढचे दांत सरळ व एकमेकांस भिडलेले आहेत काय. हनुवटी कोरडी आहे काय.
३. डोळे व नाक. पुढच्या पायांच्या आंतील केंस चिकट झाले असतील, तर तो नाक पुसत आहे असें समजावें.
४. कान. आंत जाड तपकिरी खपल्या असतील तर त्या गोचिडाच्या जातीच्या सूक्ष्म किड्यांच्या होत. खपल्या ओरबाडूं नयेत. फार दुखतें, व औषधानें त्या आपोआप गळतात.
५. नखें. कमी चालणाऱ्या सशाचीं नखें वाढून वांकतात व पाय वाकडा पडतो. आंतील रक्ताची लाल रेघ सोडून टोंक तेवढें कापावें. काळ्या नखांत ती रेघ मागून विजेरी धरल्यावर दिसते.
६. तळवे व टांचा. केंस गेले आहेत काय, कातडी लाल आहे काय.
७. पोट व कांस. हातास गांठ लागते काय.

कोणतीं औषधें देऊं नयेत

घरांत गुरांसाठीं आणलेलें औषध अंदाजानें सशास देणें यासारखा दुसरा अपाय नाहीं. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखीं औषधें तोंडावाटे दिल्यास अंधांत्रांतील उपयुक्त जंतु मरतात आणि ससा दगावतो. कुत्र्याच्या पिसवांसाठीं मिळणारें फिप्रोनिल सशास विषारी आहे. वेदनाशामक औषधें मिळतात व म्हाताऱ्या सशास त्यांनीं फार आराम पडतो. परंतु त्यांची मात्रा पशुवैद्यानेंच ठरवावी. तसेंच दांतांसाठीं किंवा अन्य कारणानें सशास बेशुद्ध करावयाचें असल्यास, कुत्र्याप्रमाणें त्यास आदल्या रात्रीं उपाशी ठेवूं नये; त्याला ओकतां येत नाहीं, आणि उपासानें आंतडें मात्र थांबतें.

ससे तपासण्याचा सराव सर्वच पशुवैद्यांस असतो असें नाहीं. तेव्हां नेण्यापूर्वी विचारून घ्यावें. परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं स्थापन झालेलें असून, तें तसेंच नागपूर, शिरवळ, परभणी व उदगीर येथील महाविद्यालयें आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं आहेत. जवळच्या दवाखान्यांत सोय न झाल्यास तेथें चौकशी करावी.

ससा १२ तास कांहीं न खातां राहिला, लेंड्या थांबल्या, लघवी अडली, मान वांकडी झाली किंवा किडे पडले, तर उद्यांवर ढकलूं नये.

शेवटचें कर्तव्य

म्हातारा ससा नकोसा झाला म्हणून त्यास शेतांत किंवा रानांत सोडून देण्याची चाल कोठें कोठें आढळते, आणि तिला ‘मोकळें केलें’ असें म्हटलें जातें. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यांत वाढलेल्या प्राण्यास रान ठाऊक नसतें. कुत्रें, मुंगूस किंवा कोल्हा त्यास लवकरच गांठतो, आणि त्यांतून वांचला तरी ऊन व माशा आहेतच. हें मोकळें करणें नव्हे.

सर्व उपाय होऊनही वेदना आटोक्यांत येत नसतील, ससा खात नसेल, स्वतःच्या ओल्यांतून उठूं शकत नसेल, तर पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देणें हा दयेचाच मार्ग होय. परंतु तो निर्णय तपासणीनंतर व्हावा. केवळ घाण येते म्हणून ज्यांस टाकाऊ ठरविण्यांत येतें, त्यांतील कित्येक सशांस दाढेचा कांटा काढणें, वजन चार-दोनशें ग्रॅमनीं उतरविणें, किंवा सांध्यांच्या दुखण्यावर रोज थोडेंसें औषध देणें एवढ्यानेंच आणखी वर्ष-दोन वर्षांचें सुखाचें आयुष्य लाभूं शकतें.

सारांश, ससा घाण दिसला कीं आधीं लेंड्या पाहाव्या, मग तोंड, मग चाल, मग लघवी. पावसाळ्यांत दोन वेळां मागील भाग तपासावा. गवत व पाणी कधीं कमी पडूं देऊं नये. धुवावें तें मोजकेंच, आणि कोरडें करावें तें पूर्ण. या कामास पैसा थोडा लागतो. लागते ती रोजच्या पाव तासाची सवड. ज्या मुलांनीं पिलूं मागितलें त्यांनाच, तीं घरीं असतील तेव्हां, या पाहणींत बरोबर घ्यावें. गोठ्यांतील जनावराची कळ ओळखण्याचा पहिला धडा त्यांस पडवींतील या पिंजऱ्यापाशींच मिळूं शकेल.